कसंतरी वाटलं म्हणू नकोस

सिमाच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी भोकरदनच्या शाळेत सहावीची हजेरी घेत होते. "ताई, सिमाताई सकाळी गेली. दुपारीच माती आहे, आमच्यात थांबत नाहीत." दुपारपर्यंत इथून अलिबाग गाठणं शक्यच नव्हतं. मी उरलेली हजेरी पूर्ण केली. त्याला आता सहा आठवडे झाले, पण अजून एका जागी बसवत नाही. उठते, गॅस बंद आहे का बघते, परत बसते...

जाफराबादच्या कॉलेजात बी.ए.ला आम्ही एका बाकावर. मी धावड्याची, बौद्ध घरातली. ती बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या ज्यू घरातली. तिची आई पिंपळगाव रेणुकाईच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आली, त्यामुळे ही आमच्या भागात. पहिल्याच आठवड्यात एका सरांनी तिला उभं करून विचारलं, "ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?" ती समजावत राहिली आणि वर्ग हसत राहिला. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "कसंतरी वाटलं असंल न्हाई?" ती चिडली. "कसंतरी म्हणू नकोस. ओशाळले मी. सगळे बघत होते म्हणून. आता कोणी बघत नाही, तर गेलंसुद्धा ते." पुढे एकदा शनिवारी परीक्षा आली. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी लिहीत नाहीत. तिने पेपर लिहिला आणि संध्याकाळी जेवली नाही. तेव्हा म्हणाली, "ही लाज नाही. कोणाला कळलेलंही नाही. पण मी केलंय ना, म्हणून टोचतंय." आम्ही ज्याला सरसकट लाज म्हणायचो त्याचे असे ती धागे सोडवत बसायची. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटायचं, आणि थोडं त्रासाचंही.

दुसऱ्या वर्षी आम्ही खोली शोधत होतो. दोन ठिकाणी माझं आडनाव ऐकून खोली ‘कालच दिली’ होती. तिसऱ्या घराच्या दारात मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही कोणाच्यातल्या?" सिमा म्हणाली, "ज्यू." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मीबी तीच." बाईंना ज्यू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि तेच आमच्या पथ्यावर पडलं. सिमा काहीच बोलली नाही. खोली मिळाली.

महिनाभराने आबा, माझे वडील, ज्वारीचं पीठ आणि शेंगा घेऊन आले. मालकीणबाई दारातच होत्या. आबांनी हात जोडले, "जय..." म्हणाले आणि माझा चेहरा पाहून थांबले. बाई हसून म्हणाल्या, "या या. तुम्हीबी ज्यूच म्हणा की!" आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "हां... तसंच," म्हणाले. पाणीही न घेता, बस निघून जाईल म्हणत ते वळले.

मी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. सिमा शेजारी येऊन बसली. "काय वाटतंय?"

"लाज."

"नुसती लाज असेल तर अशीच पडून राहशील. त्यांचा अपराध केला असं वाटत असेल तर उठशील. बस अजून सुटली नसेल."

मी उठले नाही. काही दिवसांनी त्यांचा दार लावून घेण्याचा सण आला. त्या दिवशी ते उपास धरून घरात बसतात, देवाची माफी मागतात. त्यासाठी घरी निघताना ती म्हणाली, "देवाचं देव बघतो. माणसाचं माणसाकडेच जाऊन मागावं लागतं." मी हो म्हणाले. ते वर्ष गेलं, पुढची पंधराही गेली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला भेटायला अलिबागला गेले. आजाराने तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "तू ज्यू म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले, कारण मला बरं वाटलं होतं. इतक्या मोठ्या गावात मी एकटीच होते. कोणीतरी माझ्यातली झाली, याचा अभिमानच वाटला. तुझं काय जातंय हे बघितलंच नाही मी." मग विचारलं, "आबांकडे बोललीस?" मी म्हणाले, "ते विसरले असतील गं."

ती गेल्यानंतर पाचव्या रविवारी मी धावड्याला गेले. आबा आता थकलेत. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. खोटं मीच बोलले होते, तुम्ही ते निभावलं, आणि मी स्टँडवरही आले नाही.

"त्या दिशी बसमधी लई राग आल्ता," आबा म्हणाले. "मंग ती आल्ती."

"कोण?"

"तुही मैत्रीण. आठ दिवसांनी, जीपनं, एकलीच. म्हणली, चूक माहीबी हाय, मी बोलले न्हाई. गूळ-खोबरं घातलेले पोहे आणल्ते तिनं. जाताना म्हणली, मी आल्ते हे सांगू नका तिला. न्हाईतर तिला वाटंल, मिटलं. ती यील तिची."

"मंग तुम्ही...?"

"म्या काय? वाट बघून राह्यलो."

आबांनी चुलीजवळच्या कोनाड्याखाली, भिंतीलगतच्या जागेकडे बोट केलं. "तिथं बसल्ती. खुर्ची दिली तर नको म्हणली."

मी उठून तिथे गेले. भिंतीला पाठ लावून खाली बसले. आबा चहा ठेवायला उठले. एरवी मीच ठेवते, आज मी त्यांना उठू दिलं.