मरियेचं उत्तर
मेणबत्ती विझल्याचा वास आला की बजाजनगरातली आमची खोली आठवते. त्या दिवशी पंख्यानं मरियामातेपुढची मेणबत्ती नुकतीच विझली होती. आईच्या बाप्तिस्म्याआधी तिला प्रश्न विचारायला फादर आले होते. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून महिनाभर मीच तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली होती. "तू देवपुत्राची आई होशील, असं सांगणाऱ्या देवदूताला मरियेनं काय उत्तर दिलं?" फादरांनी विचारलं. 'मी प्रभूची दासी' हे आई साफ विसरली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "व्हय म्हणली." मी कपाळावर हात मारला. फादरांनी पुस्तक मिटलं. "त्या एका शब्दानं आपलं तारण झालं, बाई. रविवारी या." आता आई नाही. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेत मरियेचे उपकार आठवून सगळे आमेन म्हणतात, तेव्हा मी हळूच व्हय म्हणते.