पाइप सोडून सगळं मिळालं

गजा आणि मी वर्ध्याच्या एस.टी. स्टँडवर भेटलो की आमची एक बस तरी हमखास सुटते. विषय ठरलेला. आमचं युवक मंडळ आणि त्याला मदत करायला निघालेला ट्रस्ट! पाच मिनिटांत दोघांचाही आवाज चढतो. एकदा तर चहावाल्याने मध्ये पडून विचारलं, "काऊन भांडून राह्यले भाऊ?" भांडण नाही हो, आठवणी आहेत! इतक्या साचल्यात की एक काढायला गेलो तर मागून चार येतात. लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी हसून सांगावं. तुम्ही हसा खुशाल. माझं डोकं अजून तापतं.

आणीबाणी उठल्यानंतरची ही गोष्ट. आंजीच्या रस्त्यावर आमचं लहानसं गाव आणि गावाच्या मधून नाला. अलीकडे आम्ही शेतीवाले, शाळा, ग्रामपंचायत, दुकान, सगळं अलीकडेच. पलीकडे बौद्ध वस्ती. पावसाळ्यात नाला भरला की वस्तीतल्या लेकरांची शाळा बंद. मुलगे लांबून वळसा घालून कसेबसे यायचे. पोरींना कोण पाठवणार? आणि दोन महिने घरी बसलेली पोरगी मग शाळेत परत येत नसे, कपाशी निंदायला जात असे.

शोभा त्या वस्तीतली, कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. ती मंडळाची अध्यक्ष, मी सचिव, आणि गजा बाकी सगळं. गजा माझ्या शेजारचा, शेती करणारा, जिभेला लगाम नसलेला. आम्हाला एकच गोष्ट हवी होती, नाल्यावर रपटा. दोन्हीकडून दगड रचत न्यायचे आणि मधल्या धारेवर सिमेंटचे पाइप टाकून पाण्याला वाट ठेवायची. दगड गावचे, हात आमचे. पाइप तेवढे कुणी द्यावेत, एवढंच मागणं! शोभाच्या काकांची विमल त्या वर्षी पाचवीत जाणार होती. काकांनी सांगूनच टाकलं होतं, "यंदा रस्ता झाला त शाळा. नाई त वावर."

तेवढ्यात कळलं की नागपूरला एक ट्रस्ट आहे, तो तरुणांच्या मंडळांना मदत करतो. त्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर परत बी.पी.ची गोळी शोधावी लागेल.

* * *

शोभा आणि मी नागपूरला गेलो. ट्रस्टचे साहेब गोड माणूस. खादीचा सदरा, चहा, बिस्किट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उत्तम! पण पाइप आमच्या योजनेत बसत नाहीत. युवकांसाठी आमच्याकडे खेळ, संगीत आणि शिबिर आहे."

शोभा म्हणाली, "साहेब, आम्हाला नाला ओलांडायचा आहे."

"हो हो, ते कळलं. पण आधी युवक एकत्र तर आले पाहिजेत!"

आम्ही एकत्र येऊनच त्यांच्यापुढे बसलो होतो, पण ते असो. पंधरा दिवसांनी गावात व्हॉलीबॉल आले. सोबत जाळी, शिट्टी आणि एक पेटी. पेटी वाजवता येणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता!

पुढे साहेब स्वतः गाव बघायला आले आणि त्यांनी विचारलं, "काय, खेळता की नाही?"

गजा म्हणाला, "साहेब, हे बॉल पाण्यावर मस्त तरंगते. नाल्याले पूर आला का पोरीयले त्याच्यावर बसवून अल्याड आणू का?"

साहेब हसले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "स्पिरिट आहे पोरात!" गजाच्या पाठीवरची ती थाप मला अजून झोंबते.

* * *

त्याच भेटीत साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मुलगी हुशार आहे, प्रश्नच नाही. पण अध्यक्ष कसा जबाबदार हवा. वजनदार. गावात कुणी पोक्त माणूस नाही का?"

युवक मंडळाला पोक्त अध्यक्ष! मी वाद घातला. शोभाला आम्ही निवडून दिलंय म्हणालो. साहेब म्हणाले, मग मदतीचं अवघड आहे. शेवटी शोभाच म्हणाली, "होऊ द्या. मले पाइप पाह्यजे, खुर्ची नाई."

मग दौलतराव अध्यक्ष झाले. गावचे मोठे शेतकरी, साठी उलटलेली, फेटा बांधलेला. पहिल्या बैठकीला ते मधोमध बसले. शोभाने उभं राहून सगळा प्रश्न मांडला. नाला, पूर, वस्ती, शाळा. दौलतराव डोळे मिटून ऐकत होते. तिचं बोलणं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मी म्हन्तो, पल्याड जाले रस्ता पाह्यजेच कायले? मी त उभ्या जल्मात तिकडं गेलो नाई. माहं काही अडलं का?"

हे आमचे जबाबदार अध्यक्ष! साहेबांनी त्यांना पुढे शालही पांघरली.

* * *

रविवारी रविवारी आम्ही श्रमदान करायचो. हिवाळा संपत आला होता, दोन्ही बाजूंचे दगड रचून होत आले होते, आणि नेमका तेव्हाच ट्रस्टचा निरोप आला. वर्ध्याला तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर, हजेरी सक्तीची. न आल्यास मदतीचा विचार होणार नाही. काम बंद ठेवलं आणि गेलो.

हॉल मोठा होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. खुर्च्यांवर पाहुणे, सतरंजीवर आम्ही. तीन दिवसांत जितके वक्ते झाले त्यांतला एकही पन्नाशीच्या आतला नव्हता. त्यांच्या तरुणपणी काय काय झालं ते मात्र आम्हाला तोंडपाठ झालं!

शेवटच्या दिवशी एक वक्ते फार रंगले. हात पसरून ओरडले, "युवकांनो, मागे का बसता? पुढे या! पुढे या!"

शोभा उठली. सरळ चालत पुढे गेली आणि पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसली.

बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला. "अहो बाई, मागे व्हा, मागे व्हा! या पाहुण्यांच्या खुर्च्या आहेत!"

"त्यायनं बोलावलं म्हणून आली," शोभा म्हणाली.

स्वयंसेवकाने तिला उठवलंच. वक्ते वर बोलतच होते, "पुढे या!" सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी नाही वाजवल्या. गजाने वाजवल्या, पण शोभा परत सतरंजीवर येऊन बसली तेव्हा.

* * *

आता फोटोचं ऐका.

आमचं काम खरंच चाललंय, हे कळल्यावर साहेब फोटोग्राफर घेऊन आले. दोन्हीकडून रचत आणलेले दगड बघून खूश झाले. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अरे, पण आधीचा फोटो राहिला की! आधी काय होतं आणि आता काय आहे, दोन्ही दाखवावं लागतं. असं करा, या बाजूचे दगड जरा काढून ठेवा. फोटो झाला की परत लावा. तासाभराचं काम."

तासाभराचं! ते दगड आम्ही टेकडीवरून डोक्यावर आणले होते. थंडीत, बोटं फुटलेली असताना. शोभा सरळ जाऊन दगडांवर बसली.

गजा मात्र पुढे झाला. "साहेब, माहाही लहानपणचा फोटो काढाचा राह्यला. मले परत लहान करून देता का?"

शेवटी फोटोग्राफरने दुसरीकडे जाऊन नाल्याचा फोटो काढला. दोन्ही फोटो ट्रस्टच्या दिवाळी अंकात छापून आले म्हणे. नाला भलत्याच ठिकाणचा, दगड आमचे, आणि मध्ये कुदळ धरून साहेब!

* * *

हा किस्सा सांगताना गजाही हसत नाही.

ट्रस्टची मंडळी एकदा वस्ती बघायला म्हणून पलीकडे गेली. उन्हाळा होता, नाला कोरडा. साहेब, दोन बायका आणि एक भाषण करणारे गृहस्थ. विहाराच्या ओट्यावर गृहस्थ समतेवर अर्धा तास बोलले, आणि चांगलं बोलले. मग शोभाच्या आईने चहा आणला. कपबशा तिने दोन घरांतून गोळा केल्या होत्या. राखेने घासून लख्ख केल्या होत्या.

साहेब म्हणाले, "अरेरे, माझा आज उपास आहे."

बायका म्हणाल्या, "आमचाही."

भाषणवाले गृहस्थ म्हणाले, "मी तर चहा घेतच नाही."

ड्रायव्हर जीपमध्ये होता, त्यालाही ओट्यावरूनच सांगितलं गेलं की तुझा उपास आहे. चहा तसाच राहिला. मी आणि गजा दोन दोन कप प्यायलो, पण त्याने काय होणार होतं?

मग मंडळी अलीकडे आली, दौलतरावांच्या ओसरीवर. तिथे चिवडा होता, शेव होती, चहा होता. सगळ्यांनी खाल्लं. चहा न घेणाऱ्या गृहस्थांनी दोनदा घेतला! आणि नेमकी शोभाची आई पाहुण्यांची विसरलेली छत्री द्यायला मागून आली होती. ती दारात उभी राहून बघत होती. आवाज न चढवता तिने मुलीला विचारलं,

"काऊन वं शोभे, ह्या साहेबायचा उपास नाल्याच्या त्याच बाजूले राह्यते का?"

छत्री तिने ओसरीच्या कडेला ठेवली आणि ती निघून गेली. शोभा त्या दिवशी म्हणाली, या लोकांचं काहीच नको. मी तिला समजावलं, विमलकडे बघ. मला अजून वाटतं, मी काय म्हणून समजावलं?

* * *

विमलचंही सांगून टाकतो. याच लोकांतल्या एका बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं होतं, "बाळ, मोठेपणी तू काय होणार? डॉक्टर? मास्तरीण?"

विमल म्हणाली, "आधी पल्याड त जाऊ द्या."

* * *

आणि आता शेवटचा.

एवढं सगळं नाचवून झाल्यावर ट्रस्टने पाइप मंजूर केले. खरंच! साहेबांनी स्वतः निरोप धाडला, "ट्रक पाठवतो." मे महिना संपत आला होता. गजाने दोन बैलजोड्या तयार ठेवल्या, वस्तीतल्या माणसांनी मजुरी बुडवली, दौलतरावसुद्धा काठी टेकत बघायला आले.

ट्रक आला. फळी उघडली. आत एक दगड!

काळा, घोटीव, दारापेक्षा लांब आणि वीतभर जाड. कोनशिला! "या रपट्याची उभारणी" अशी सुरुवात आणि खाली ट्रस्टच्या सगळ्या विश्वस्तांची नावं. नुसती नावं नाहीत, प्रत्येकाच्या स्वर्गवासी वडिलांचीही. म्हणून तर तेवढा मोठा दगड लागला!

"पाइप कुठं हाय?" गजाने ड्रायव्हरला विचारलं.

"मले त हेच भरून देल्लं बाप्पा," ड्रायव्हर म्हणाला.

आठ माणसांनी तो दगड उतरवून कडुनिंबाला टेकवून ठेवला. शोभा दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेली. साहेब म्हणाले, "पाइपचं पुढच्या वर्षी बघू, यंदा थोडी अडचण आहे. कोनशिला मात्र जपा हं, फार महागाची आहे."

शोभा रिकाम्या हाताने परत आली. मृग तोंडावर आला. आमचा रपटा दोन्हीकडून पूर्ण आणि मध्ये नेमकी धारेची जागा उघडी. विमलच्या वडिलांनी तिच्यासाठी खुरपंसुद्धा आणून ठेवलं.

पुढच्या रविवारी सगळं मंडळ नाल्यावर जमलं. गजाने बैल आणले, काकांनी लोखंडी सब्बल आणली, पल्याडचे आले, अल्याडचे आले. दिवस मावळायच्या आत रपटा झाला. मग पाऊस आला, नाला भरला, आणि पोरी शाळेत येऊ लागल्या.

ही बातमी नागपूरला पोचायला किती वेळ लागणार? जुलैत साहेब जीप घेऊन हजर! हार, नारळ, फोटोग्राफर, सगळा लवाजमा. पाइपांचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. तरातरा चालत रपट्याच्या ऐन मध्यावर गेले, खालून पाणी खळखळत होतं, आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "वा! आमच्या ट्रस्टचं सार्थक झालं!"

मग त्यांनी अलीकडचा काठ बघितला. पलीकडचा बघितला. कडुनिंबाखाली बघितलं.

"पण आमची कोनशिला कुठे आहे?"

शाळेची पहिली घंटा झाली. पलीकडून डोक्यावर दप्तरं धरून पोरींची रांग आली होती, सगळ्यांत पुढे विमल, आणि तिच्या मागे शोभा. साहेब वाटेतच उभे, म्हणून सगळ्या खोळंबल्या होत्या.

शोभा म्हणाली, "तिच्यावरच त उभे आहा साहेब. आता बाजूले व्हा, पोरींची शाळा भरून राह्यली."