खाऱ्या शेंगा आणि विळदचा चढ

मुलांनो, तुम्ही पाठवलेला तिकडच्या संग्रहालयातल्या जुन्या इंजिनाचा फोटो मिळाला. पुढे चार लहान चाकं, मागे चार मोठी आणि वर उंच धुराडं. मी पाहताक्षणी ओळखलं. माझे वडील याच जातीचं इंजिन दौंड–मनमाड मार्गावर चालवत असत. संग्रहालयाच्या पाटीवर त्याचा इतिहास असेलच, पण आमच्या नगरकडचा भाग त्यात नसणार. तो मी क्रमाने लिहिते.

ही इंजिनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विलायतेहून आली, ती सपाट मुलखात मेल गाड्या पळवायला. म्हणून चाकं मोठी: एका फेऱ्यात जास्त अंतर. वडील शेडमध्ये इंजिनं पुसायला लागले तोवर त्यांचा मान ओसरत आला होता. जास्त ताकदीची नवी इंजिनं आली, तशी ही आमच्यासारख्या आडमार्गावर आली; मग शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवायला, मग भंगारात. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर नवी इंजिनं समुद्रापार जाऊ लागली आणि उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांना पुन्हा पॅसेंजरला जुंपलं गेलं. नगरच्या शेडमध्ये अशा दोन होत्या. मेल गाड्या गोऱ्या ड्रायव्हरांकडे असत. वडिलांना पॅसेंजर मिळायलाही अर्धा जन्म लागला होता.

सपाटीवर ही इंजिनं वाऱ्यासारखी धावत, पण वांबोरी सोडून विळदचा घाट चढताना मोठी चाकं जागच्या जागी गरगरत. त्यावर उपाय वाळूचा. इंजिनावर वाळूची पेटी असे, ड्रायव्हरने दांडा ओढला की नळीतून चाकापुढे रुळावर वाळू पडे आणि चाक धरून चाले. वाळू कोरडी हवी, म्हणून शेडमध्ये ती भट्टीवर भाजून ठेवत.

भाद्रपदातल्या एका दमट दुपारी वडिलांची गाडी घाटात अडकली. दांडा ओढला तरी वाळू पडेना. वडील आणि फायरमन खाली उतरून मुठीमुठीने रुळावर माती टाकत होते आणि डब्यांतून लोक ओरडत होते, "अवो डायवरसायब, आमी ढकलू का?"

"ढकला की," वडील म्हणाले, "पन तिकिटाचं पैसं परत मागू नगा."

शेवटी गाडी मागे वांबोरीपर्यंत नेली, तिथून धाव घेऊन घाट चढवला. गाडीला तासावर उशीर झाला. मागे पलटणीची गाडी खोळंबली होती, तेच जड गेलं. दुसऱ्या दिवशी साहेबाचा कागद आला: दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर पॅसेंजर काढून शंटिंगला पाठवू.

वडिलांना इंग्रजी बोलता येई, लिहिता येत नसे. मी मुलींच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते. मी समास आखून खुलासा लिहिला: इंजिन जुनं, सपाटीसाठी बांधलेलं, ओढणारी चाकं चारच, घाटाला अयोग्य. वर मी लिहिलेला सगळा इतिहास त्यात होता. वडिलांना मराठीत समजावून सांगितला.

"सगळं खरं हाय," ते म्हणाले. "पन इतकी वर्सं म्हातारीनं ह्योच घाट चढला न्हवं? कालच का अडली?"

"मग का अडली?"

त्यांनी खिशातून वाळूचं ढेकूळ काढलं. पेटीतली वाळू अशी घट्ट धरली होती. "चाटून बघ."

मी जीभ लावली. खारट.

माझ्या लगेच ध्यानात आलं. शेडमधले भट्टीवाले मामा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या शेंगा त्याच तापल्या वाळूत भाजत. सगळी शेड त्या खाई. वडील दर फेरीला एक पुडी घरी आणत. वाळूत रोज थोडं थोडं मीठ मुरत गेलं आणि दमट हवेत तिचा गोळा झाला.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आन् त्या शेंगा आपन मिटक्या मारत खाल्ल्या. आता मामाचं नाव लिवनार व्हय गं?"

"मामाचं न्हाई," वडील म्हणाले. "गाडी सोडायच्या आदी वाळू पडती का बघायचं काम डायवरचं. त्या दिशी मी पुडी बांधून घेत हुतो. तेच लिव."

मी म्हटलं, "दादा, असं लिहिलं तर तुमची गाडी जाईल."

"जाऊ दे. खोटं लिवून ठेवली तर रोज घाटात ध्यानात यील."

मी दुसरा कागद घेतला. वाळूत शेंगांचं मीठ उतरलं, ती तपासायची राहिली, चूक माझी, एवढंच लिहिलं. वडिलांनी सही केली. रात्रभर कूस बदलत होते.

सकाळी ते कागद घेऊन गेले. आईने भाकरी थापल्या आणि कोणी न खाताच झाकून ठेवल्या. दुपारी दारात वहाणा वाजल्या.

"काय झालं?"

वडील पाणी प्याले. साहेबाने कागद दोनदा वाचला म्हणे. मग शिपायाला विचारलं, "माझ्याकडे शनिवारी येतात त्या शेंगा कुठे भाजतात?" शिपाई जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याच भट्टीवर, सायब." साहेबाने कागद फायलीत लावला. मग म्हणाला, शेंगा भाजायची वाळू वेगळी ठेवा आणि ड्रायव्हरने पुन्हा चुकू नये.

"आन् गाडी?" आईने विचारलं.

"उद्या सकाळची पॅसेंजर. मीच नेनार."

आई पदरात तोंड घालून हसायला लागली. मग आम्ही तिघं जेवलो. भाकरी गार झाल्या होत्या, वडिलांनी चार खाल्ल्या. हात धुऊन ते भिंतीशी आडवे झाले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. त्यांचं घोरणं ऐकत मी शेजारी बसून भूगोलाचा राहिलेला धडा पुरा केला.