काकूंच्या माठाचं विरजण

रुबिनाभाभींनी मला मूठभर खत दिलं, हे आधी लिहिते, नाहीतर बाकीच्या सांगण्यात ते राहून जाईल. शेजारच्या खोलीतून वाटीवर झाकण ठेवून त्या आल्या आणि म्हणाल्या, "घे, तुझ्या काकूचंच हाय." कमलकाकूंना जाऊन तेव्हा महिना होत आला होता. त्यांच्यामागून त्यांचा खताचा माठही गेला होता...

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माझं घर लांब, गडचिरोलीकडे. आठवीत शाळा सुटली आणि पुढे कामासाठी नाशिकला आले, एका कंपनीत पॅकिंगला लागले. द्वारका चौकाजवळ काकूंची एक खोली, त्यातच त्यांनी मला ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी ओट्याखाली भोकं पाडलेला माठ दिसला. आत भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा आणि वर सुका पाला. आमच्याकडे असलं सगळं घरामागे उकिरड्यावर जातं, इथे त्याच्या शेजारीच झोपायचं होतं. वास सुटेल, किडे होतील, माझ्यामुळे झालं म्हणून मला काढतील, अशी धाकधूक मला कितीतरी दिवस होती. काकू मात्र रोज चहाच्या आधी माठात हात घालून बघायच्या, लेकराच्या कपाळाला लावावा तसा. ऊब लागली की खूश. गार पडला की समजायचं, माठ गेला, म्हणायच्या. शिजलेलं, तेलामिठाचं त्यात पडू द्यायच्या नाहीत. मला ताप आला तेव्हा हात धुवून माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा माझा माठ गरम आहे. ऊठ, पेज घे."

एका संध्याकाळी ड्युटीवरून आले तर दारात चपलाच चपला... आमच्या दारात एवढ्या चपला कधी नव्हत्या. काकूंच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

तेराव्याला काकूंच्या नावाने वाढलेलं पान गाईला द्यायचं होतं. त्यांचा मुलगा, मनमाडचे दादा, पान घेऊन सगळीकडे फिरले. गाय मिळाली नाही. परत आले आणि माठापुढे बसले. "आईने रोज याला भरवलं," ते म्हणाले, "आज तिचं पान यालाच जाऊ दे." मी हळूच म्हटलं, काकू शिजलेलं घालत नव्हत्या. पण डोळे भरलेल्या माणसाला आणखी काय सांगणार? खीर, वरण, वडे... पानामागून उरलेलंही गेलं, काकूंच्या नावाचं अन्न कचऱ्यात कसं टाकायचं म्हणून. प्रेमानेच घातलं सगळ्यांनी. मग माठ आंबला, काळं पाणी गळायला लागलं. दादांनी फोनवर सांगितलं, खोलीत राहा, पण ते टाकून दे. नाकाला फडकं बांधून मी माठ उपसला. काकूंच्या हातचं एवढंच उरलं होतं, तेही घंटागाडीत गेलं.

भाभी आल्या त्या त्याच दिवशी. त्यांचा खताचा डबा काकूंनीच कधीतरी मूठभर खत देऊन लावून दिला होता. नव्याला जुन्याचं विरजण लागतं, असं काकूंचं म्हणणं.

रिकामा माठ धुतला, उन्हात वाळवला, पाला आणि भाभींची मूठ घालून पुन्हा लावला. रोज चहाच्या आधी हात घालते. गारच लागतो. एकटीच्या स्वयंपाकाची सालं ती किती निघणार, त्यात ऊब कुठून धरणार... भाभी विचारतात, आली का गं ऊब? मी नाही म्हणते. त्यांची वाटी अजून माझ्या ओट्यावरच आहे. शेजारची वाटी रिकामी पाठवायची नाही, ही काकूंची शिस्त. माठाने ऊब धरली, तर त्यातली पहिली मूठ त्याच वाटीतून भाभींना देऊन येईन.