स्तूपाला दार नसतं

आमच्या सासूबाई, चंपाबाई, कशालाच घाबरायच्या नाहीत. जुन्नरजवळच्या खेड्यात चपलेने विंचू मारणारी बाई. नवरा गेल्यावर शिवणकाम करून एकुलत्या एका मुलाला वाढवलं, पण कुणापुढे रडल्या नाहीत. बहारीनला आमच्याकडे आल्या आणि महिन्याभरात आमच्या बुसैतीन वस्तीतल्या भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करून कोथिंबीर फुकट आणू लागल्या.

भीती शिरली ती उज्ज्वलच्या नोकरीमुळे. माझा नवरा नकाशे काढणारा. इथल्या पुरातन थडग्यांच्या टेकाडांचं खोदकाम चालायचं, तिथला दगड न्‌ दगड मोजून तो कागदावर उतरवायचा. ते काम बघून खोदकामातल्या आयरिश बाईंनी त्याला त्र्याण्णव साली उन्हाळाभर आयर्लंडला नेलं, तिथली पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी मोजायला. त्याने फोटो पाठवला. हिरवंगार गोल टेकाड, पायथ्याशी ठेंगणं दगडी दार, आणि त्यातून पोटावर सरपटत आत चाललेला आमचा उज्ज्वल. दिसत होते ते नुसते बूट.

"स्तूपच की गं हा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "पण स्तूपाला दार नसतं, दीप्ती. बाहेरून फेरी मारायची, वंदन करायचं, घरी यायचं. हा आत कशाला जातोय? वरचा धोंडा खाली आला म्हंजे?"

"तुमचं आपलं काहीतरीच," मी हसले. पण त्यांना घास गिळवेना. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती त्या विझू देईनात.

एका दुपारी ऑफिसातून आले तर दार सताड उघडं. फोनचा रिसीव्हर लोंबकळत होता आणि सासूबाई जमिनीवर बसलेल्या. डोळे कोरडे.

"रहिमतुल्लाचा फोन आलेला," त्या म्हणाल्या. "उज्ज्वल खलास."

रहिमतुल्ला उज्ज्वलच्या ऑफिसातला, रत्नागिरीचा. आणि खलास हा शब्द इथे मीही दिवसातून पन्नास वेळा वापरते. चहा खलास, शिफ्ट खलास. आटोपलं, इतकंच. पण सासूबाईंच्या तोंडून तो जुन्नरचा होऊन आला. डोळ्यांपुढे ते बूट आले आणि हलेचनात. उज्ज्वलच्या ऑफिसचा नंबर फिरवताना दोनदा चुकला.

"रहिमतुल्लाभाई, काय झालं त्याला?"

"त्याला काय होतंय? तिथलं काम खलास ना भाभी! रविवारच्या विमानाने येतोय. आईंना तेच सांगत होतो, तर त्यांनी फोनच टाकला."

मी सासूबाईंना सांगितलं. आधी त्यांना खरंच वाटेना. मग मला मिठी मारून त्या हमसून हमसून रडल्या, मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"मग संपलं म्हणायला जीभ झडते का मेल्याची!"

रविवारी विमानतळावर उज्ज्वल बाहेर आला, हसतमुख, धडधाकट. रहिमतुल्ला गाडी घेऊन आला होता.

"यल्ला, चला आई, आला तुमचा लेक! आता काळजी खलास!"

सासूबाईंनी झटकन उज्ज्वलचं मनगट पकडलं. दुसरं मी कधी पकडलं, मला कळलंच नाही. बिचाऱ्याला सामान उचलायला हात उरला नाही, बॅग गाडीपर्यंत रहिमतुल्लानेच नेली.