भाड्याचा फेटा

परकेपणा हा आमच्या प्राध्यापक मंडळींचा फार लाडका विषय. देशोदेशींच्या साहित्यातल्या परक्या माणसाबद्दल बोलताना ते हटकून डोळे पुसतात, मग चष्मा पुसतात. परवाच्या चर्चासत्रात तर त्यांच्या हाती खराखुरा परका माणूस लागला होता. सेलाम ही इथिओपियाची संशोधक, कित्येक वर्षं आमच्याच गावात राहणारी. ती निबंध वाचायला आली होती. आल्या आल्या तिला भाड्याचा केशरी फेटा बांधला, तिच्या हातून समई लावून घेतली आणि प्रत्येकानं शेजारी उभं राहून फोटो काढला. तिच्याशी बोलायला मात्र कुणी थांबलं नाही.

अध्यक्षांनी ‘परक्याचा आवाज ऐकला पाहिजे’ हे तासभर सांगितलं. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली, म्हणून सेलामचा निबंध रद्द. त्यावर टाळ्याही पडल्या. या लोकांना परका माणूस पुस्तकातच बरा वाटतो. पुस्तक मिटलं की तो गप्प बसतो.

जेवणाच्या रांगेत सेलाम फेटा हातात घेऊन अध्यक्षांपाशी आली.

"सर, हा कुणाकडे परत द्यायचा?"

"अरे वा! तुम्हाला मराठी येतं?" अध्यक्ष हरखले.

"माझा निबंध मराठीतच होता, सर."

"वा, वा!" म्हणत अध्यक्षांनी ताट खाली ठेवलं, तो फेटा पुन्हा तिच्या डोक्यावर चढवला आणि फोटोग्राफरला हाक मारली.