भाऊबंदांचं मत, कानबाईचा रोट

आमच्या गावात मत एकट्याचं नसतं, भाऊबंदांचं असतं. निवडणूक लागली की चुलतभाऊ घरोघर ताट घेऊन फिरतो. ताटात खंडोबाचा भंडारा. ज्यानं चिमूट उचलली त्याचं मत बांधलं गेलं. मग कुणी विचारत नाही. मीही आजवर उचलत आलो. आमची निशाणी कपबशी म्हणजे कपबशी. माणूस कोण उभा आहे हे बघायची चाल नव्हती.

गेल्या ज्येष्ठात बायको गेली. छातीत कळ आली तेव्हा नाला दुथडी भरला होता. साक्रीच्या दवाखान्यात न्यायचं तर नाला ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. दर निवडणुकीत कपबशीवाले या नाल्यावर पूल बांधतात, तोंडानं. भाऊबंद काठावर उभे राहून म्हणाले, पाणी उतरू द्या. पलीकडच्या वस्तीतले चार आदिवासी गडी छातीइतक्या पाण्यात शिरले आणि तिची खाट डोक्यावर घेऊन पार गेले. दवाखाना आला, पण ती नव्हती.

वर्षश्राद्ध झालं आणि आषाढात ग्रामपंचायत लागली. त्या चौघांतल्या एकाची बायको शिट्टी घेऊन उभी राहिली. आमच्याकडून चुलतभावाची सून. चुलतभाऊ ताट घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"नाना, उचला."

"नही उचलस."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. "बठ्ठा घरेस्नी उचला. तुम्हनंच बाकी शे."

"मन्हं बाकीच राहू दे."

"वहिनी गयी त्यानं आम्हले दुख नही का?"

"दुख व्हतं तं पाण्यामा कोण उतरनं?"

त्याचं तोंड काळं पडलं. ताट उचलून तो पायऱ्या उतरला आणि खाली जाऊन गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, "येत्या कानबाईले दखी लेऊ."

हे ऐकून मला खरं भ्यायला झालं. श्रावणात चुलतभावाच्या घरी आम्हा भाऊबंदांची कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाच्या रोटासाठी घरटी गहू गोळा करतात, घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ. ज्याची मूठ घेतली तो भाऊबंदांत. ज्याची सोडली त्याच्या दारी लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा देत नाही. माझी दोन्ही पोरं सुरतेला. मी मेलो तर ते येईपर्यंत मला उचलणार कोण, हा प्रश्न मतदानाच्या दिवसापर्यंत माझ्या अंथरुणात होता. थोरल्याला फोन केला तर तो म्हणाला, "बापू, उचलून टाका ना चिमूट, तुमचं काय जातं?" मी फोन ठेवून दिला.

मी शिट्टीला मत दिलं. ती पूल बांधेल की तीही तोंडानंच बांधेल, मला ठाऊक नाही. खाट उचलली तेवढं मला ठाऊक होतं.

चुलतभावाची सून थोडक्यात पडली. त्या रात्रीपासून माझ्या घरावरून जाताना लोक मान फिरवायचे.

श्रावणात सूप घेऊन पोरी गहू गोळा करायला निघाल्या. शेजारच्या दारी थांबल्या, पुढच्या दारी थांबल्या. माझं दार मधलं. मी उंबऱ्यात उभा होतो, त्या मान खाली घालून पुढं गेल्या. गेल्या साली घरात मयत झालं म्हणून भाऊबंदांचा रोट झालाच नव्हता. त्याआधी दर साली रोटाचा गहू माझी बायको पाखडायची, सगळ्या घरांचा.

मी कोठीतून गहू काढला, उपरण्यात बांधला आणि चुलतभावाच्या ओसरीवर गेलो. जात्यापाशी बायका बसलेल्या. मधे माझी चुलती, आता आमच्यात सगळ्यात जुनी तीच.

चुलतभाऊ आडवा आला. "भंडारा उचला नही, तं मूठ कसाले?"

"मत पेटीमा गयं. मूठ कानबाईनी शे. तुन्ह्या घरनी नही."

"घरनीच शे! देवी मन्हा घरमा बसस!"

मी उपरण्याची गाठ सोडू लागलो, ती सुटेना. चुलतीनं सूप माझ्याकडं सरकवलं आणि लेकाला म्हणाली, "व्हय बाजूले. मन्हा गुडघा दुखतस, दिनभर बसू का आठे?"

मी माझी सव्वा मूठ टाकली. चुलतीनं ती बाकीच्या गव्हात मिसळली. आता निवडून काढायची सोय राहिली नाही.

रोट खायला पंगत बसली तेव्हा मी जाऊन बसलो. माझ्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे राहिले. लोक दाटीवाटीनं समोर बसले, पण माझ्या शेजारी कोणी आलं नाही. चुलतभावानं वाढलं, माझ्याकडं न बघता. पण वाढलं. आमचा रोट पानात टाकायचा नसतो. कोरडा होता, गिळवत नव्हता. पाण्याच्या घोटानं ढकलत मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, आणि सगळे उठेपर्यंत बसून राहिलो.